नक्षीच्या पानांवरची भोकं

डिझाइन शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सोळाव्या शतकात युरोपात छापलेल्या नक्षीच्या पुस्तकांना ‘कारागिरांची मार्गदर्शक पुस्तकं’ म्हणतात. पण उघडून पाहिलं तर पानामागून पान नुसत्या नक्ष्या. टाका कोणता, धागा कोणता, सुरुवात कुठून करायची, याबद्दल बहुतेक पुस्तकांत चकार शब्द नाही. मग कारागीर त्यांतून शिकत काय होते? आणि आज त्यांतली नक्षी भरायची असेल तर पान वाचायचं कसं?

मी तीस वर्षं भरतकाम करते आणि शिकवते. त्यातली अलीकडची बरीच वर्षं या पुस्तकांमधल्या नक्ष्या प्रत्यक्ष कापडावर उतरवून पाहण्यात गेली आहेत. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी ‘मार्गदर्शक’ हा शब्द बाजूला ठेवा, सगळा घोळ त्यानेच होतो. या पुस्तकांनी भरतकाम शिकवलं नाही, शिकवायचा त्यांचा इरादाही नव्हता. ज्याला काम येतं त्याच्या हातात ती पडत होती.

हे नीट समजायचं तर मुंबईतल्या एखाद्या जरीकामाच्या कारखान्यात जाऊन बसा. लाकडी अड्ड्यावर ताणलेलं कापड, दोन्ही बाजूंना मांडी घालून बसलेले कारागीर आणि कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेले बटर पेपर. त्या कागदांवर नक्षी काढलेली असते आणि तिच्या प्रत्येक रेषेवर सुईने बारीक भोकं पाडलेली असतात. हा खाका. तो कापडावर पसरायचा, रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी पावडर किंवा नीळ बोळ्याने वरून फिरवायची आणि कागद उचलायचा. खाली ठिपक्याठिपक्यांची नक्षी उमटलेली असते. खाक्यावर टाक्याचं नाव कोणी लिहीत नाही. पाकळी जरीने भरायची की आरीने, म्हणजे आकडीच्या सुईने, साखळी घालायची, टिकली कुठे, मोती कुठे, हे मास्तर तोंडी सांगतो, आणि त्यातलं निम्मं कारागिराच्या हाताला आधीच ठाऊक असतं. खाका फक्त ‘कुठे’ एवढंच सांगतो.

सोळाव्या शतकातलं नक्षीचं पुस्तक म्हणजे असा खाक्यांचा छापील गठ्ठा. ही तुलना मी ओढूनताणून करत नाही. अलेस्सांद्रो पागानिनो या इटालियन मुद्रकाच्या १५३२च्या सुमाराच्या भरतकामाच्या पुस्तकात एक पान आहे. त्यात बायका कापडावर नक्षी उतरवत बसल्या आहेत आणि प्रत्येकीची रीत वेगळी आहे. एकीने खिडकीच्या उजेडाचा उपयोग केला आहे. एकीने चौकटीत ताणलेल्या कापडाखाली मेणबत्ती ठेवली आहे, म्हणजे खालून उजेड आला की नक्षी वर दिसते. एक जण भोकं पाडलेल्या कागदावरून भुकटीची पुरचुंडी फिरवते आहे. आम्ही लहानपणी खिडकीच्या काचेवर कागद धरून मोर उतरवायचो आणि पुढे काचेच्या टेबलाखाली बल्ब लावायला लागलो. पहिल्यांदा ते पान पाहिलं तेव्हा पाचशे वर्षांपूर्वीच्या व्हेनिसकडच्या बायका मला आमच्याच वर्गातल्या वाटल्या. आणि गंमत बघा, त्या पानावर शिकवलंय ते नक्षी उतरवणं. टाका कसा घालायचा ते तिथेही नाही. ज्या गोष्टीसाठी पुस्तकाची खरी गरज होती तेवढीच तिथे सांगितली आहे.

भोकं पाडायची म्हणजे पुस्तकाचं पान कामाला लावायचं. पानं फाडली जात, सुईने टोचली जात, भुकटीने काळी होत. आज ग्रंथालयांत उरलेल्या काही प्रतींमध्ये नक्षीच्या रेषेवर सुईची भोकं अजून दिसतात. अनेक आवृत्त्यांच्या मात्र एक-दोनच प्रती शिल्लक आहेत, कारण बाकीच्या वापरून संपल्या. म्हणून या पुस्तकांकडे बघताना एक लक्षात ठेवा: स्वच्छ, कोरी प्रत ही कामात न आलेली प्रत असते. टोचलेलं, डागाळलेलं पान दिसलं की मी मोठं करून पाहते. भोकं कोणत्या रेषेवर आहेत, कोणती रेष सोडली आहे, पाकळीतला शिरांचा तपशील टोचला आहे की नुसती बाहेरची रेघ, हे बघते. त्यावरून कुणा अनाम बाईने किंवा कारागिराने काय घेतलं आणि काय टाकलं ते कळतं. मला छापलेल्या मजकुरापेक्षा त्या भोकांमधून जास्त शिकायला मिळालं आहे.

छापील पुस्तकं येण्याआधी नक्षी मिळवणं महागडं होतं. इ.स. १४००च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने चित्रकलेवर जे लिहून ठेवलं, त्यात भरतकाम करणाऱ्यांसाठी चित्र कसं काढून द्यायचं तेही आहे. त्यांनी कापड चौकटीवर ताणून द्यावं, चित्रकाराने आधी कोळशाने रेखावं, मग शाईने पक्कं करावं. फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहासाठी धर्मगुरूंची भरजरी वस्त्रं तयार झाली, त्यांची चित्रं अंतोनियो देल पोल्लायुओलोसारख्या मोठ्या चित्रकाराने १४६६ नंतर रेखून दिली. भरणारे हात अनेक होते, काम वर्षानुवर्षं चाललं. राजाला, चर्चला हे परवडतं. गल्लीतल्या भरतकाम करणाऱ्याला किंवा घरात बसून शर्टाची कॉलर भरणाऱ्या मुलीला कोण चित्रकार रेखून देणार? तिच्याकडे आईच्या पेटीतला नमुना असायचा. नमुन्याचं कापड जीर्ण झालं की नक्षीही गेली.

मग १५२३ साली जर्मनीतल्या ऑग्सबर्गला योहान श्योनस्पर्गरने भरतकाम आणि विणकामाच्या नक्ष्यांचं पुस्तक छापलं. आज माहीत असलेलं हे नक्ष्यांचं पहिलं छापील पुस्तक. चार वर्षांनी कोलोनच्या पीटर क्वेंटेलने स्वतःचं काढलं, आणि त्यात श्योनस्पर्गरच्या नक्ष्या घेतल्या. हा क्वेंटेल म्हणजे ज्याच्या छापखान्यात १५२५ मध्ये विल्यम टिंडलचा बायबलचा इंग्रजी नवा करार चोरून छापला जात होता आणि अर्ध्यात थांबवावा लागला, तोच. छापखाना चालवायचा तर जे खपेल ते छापायचं, आणि नक्षी खपत होती. त्याच १५२७ साली व्हेनिसमध्ये जोव्हान्नी अंतोनियो ताल्येंतेचं पुस्तक आलं. ताल्येंते मुळात सुलेखन शिकवणारा. अक्षर कसं काढावं यावर त्याने पुस्तक काढलंच होतं. त्याला रेषा कळत होती, म्हणून त्याच्या वेलबुट्टीला वेग आहे. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं व्हेनिसमध्ये अशी पुस्तकं सतत निघत राहिली.

या पुस्तकांत नक्कल सर्रास आहे. व्हेनिसच्या सरकारकडून छपाईचा हक्क मिळवूनही ती थांबली नाही. पण ती नक्कल कशी झाली ते जाणून घ्या, तुमच्या कामाला येईल. दुसऱ्या मुद्रकाचं छापील पान लाकडाच्या ठोकळ्यावर जसंच्या तसं उतरवून कोरलं की छापताना नक्षी उलटी येते, डावीकडची उजवीकडे. म्हणून एकच वेल एका पुस्तकात उजवीकडे वळते, तर दुसऱ्यात डावीकडे. माझ्या वर्गातल्या मुली अशा दोन वेली सापडल्या की ‘दोन परंपरा’ म्हणून लिहून आणतात. परंपरा एकच असते. मधे फक्त एका ठोकळ्याचा फरक असतो.

आता मुख्य मुद्दा, पान वाचायचं कसं. या पुस्तकांत दोन जातींची पानं असतात आणि त्यांतला फरक कळला नाही तर काम फसतं. माझं फसलं आहे.

पहिली जात रेषेची: वेल, पान, फूल, गाठी. ही उतरवायची, म्हणजे खाका करायचा. दुसरी जात चौकड्यांची: आलेखाच्या कागदासारखी घरं आखलेली आणि काही घरं काळी भरलेली. ही उतरवायची नाही, मोजायची. कापडाचे धागे म्हणजेच ती घरं. पहिल्यांदा चौकड्यांचा एक नमुना मी फोटोकॉपीवर मोठा करून घेतला, कार्बन पेपरने पॉपलीनवर उतरवला आणि रुमालाला भरायला घेतला. दोन दिवसांनी पाहिलं तर हरिणाची मान वाकडी आणि झाडाचा बुंधा एका बाजूला झुकलेला. पॉपलीनचे उभे-आडवे धागे सारखे नसतात, त्यात कार्बनची रेष कुठेही पडते. तोच नमुना मॅटीच्या, म्हणजे विणीतली घरं मोजता येणाऱ्या, कापडावर एक घर एक टाका असा मोजून भरला आणि कसलाही खाका न करता हरिण ताठ उभं राहिलं. पुस्तकातल्या घरांनी नक्षी सांगितली होती आणि मी ती रेष समजून बसले होते.

चौकडीच्या नमुन्याची मोठी सोय अशी की आकार तुमच्या कापडावर ठरतो. समजा नमुना ४० घरं रुंद आहे. इंचाला १० घरं पडणाऱ्या मॅटीवर तो ४ इंच होईल आणि इंचाला २० धागे पडणाऱ्या लिननवर २ इंच. एकच पान टेबलक्लॉथलाही चालतं आणि बाळाच्या झबल्याच्या गळ्यालाही. आडव्या काठाचा हिशेब मात्र आधी करा. ३६ इंच काठ, इंचाला १० घरं, म्हणजे ३६० घरं. नक्षी दर २४ घरांनी परत येत असेल तर बरोबर १५ वेळा बसते. दर २८ घरांनी येत असेल तर बाराव्या नक्षीनंतर २४ घरं उरतात आणि फूल अर्ध्यात तुटतं. आणि कोपरा? बहुतेक जुन्या पुस्तकांत काठाची पट्टी असते, पण ती कोपऱ्यात कशी वळवायची ते नसतं. ते भरणारीने सोडवायचं. नक्षीवर छोटा आरसा ४५ अंशांत उभा धरा, कोपरा आरशात दिसेल. जिथे बरा दिसेल तिथे पट्टी कापा. काही पुस्तकांत तर चौकड्यांची कोरी पानं दिलेली आहेत. मुद्रकाला ठाऊक होतं की विकत घेणारी बाई स्वतःचं काही तरी जोडणार.

आपल्याकडे कर्नाटकी कशिदा भरणाऱ्यांना हे सगळं सांगावं लागत नाही. त्या कागद न घेता धागे मोजून गोपुर, पालखी, तुळशीवृंदावन भरतात. त्यांचा गावंती टाका म्हणजे एकदा धावदोरा घालत पुढे जायचं आणि परत येताना मधल्या रिकाम्या जागा भरायच्या, दोन्ही बाजूंनी नक्षी सारखी. युरोपात याच टाक्याला पुढे होल्बाइन टाका नाव पडलं, कारण चित्रकार हान्स होल्बाइनने काढलेल्या इंग्लंडच्या दरबारी व्यक्तिचित्रांत बाह्यांच्या कडांवर असं भरतकाम स्पष्ट दिसतं. राणी जेन सीमोरच्या चित्रात मनगटापाशी पाहा. काळ्या रेशमाच्या रेषा आहेत, आणि त्याच घराण्यातल्या चौकडीच्या नक्ष्या छापील पुस्तकांत आहेत. कोण कोणाकडून शिकलं, या वादात मी पडत नाही. धागे मोजणारे दोन हात एकाच रीतीपर्यंत पोचू शकतात. पण तुम्हाला गावंती येत असेल तर सोळाव्या शतकातल्या चौकडीच्या पानांपैकी पुष्कळ आजच भरायला घेता येतील.

लेसची पुस्तकं वेगळी वाचावी लागतात. फेदेरिको विंचोलो या व्हेनिसच्या माणसाचं पुस्तक १५८७ साली पॅरिसमध्ये निघालं, फ्रान्सच्या राणीला अर्पण केलेलं. त्याचा पहिला भाग उघडला की काळ्या पानावर पांढऱ्या रेषांचे तारे, चक्रं, कमानी दिसतात. बरेच जण हे शोभेसाठी आहे असं समजतात. कारण दोन्ही बाजूंनी व्यावहारिक आहे. ठोकळा कोरणाऱ्याला बारीक पांढरी रेष सोपी असते, नुसती चीर पाडली की झालं. काळी रेष उभी ठेवायची तर तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढावं लागतं. आणि लेस बनवणारीला पांढरं दिसतं तो धागा, काळं दिसतं ती मोकळी जागा. त्यामुळे पान म्हणजे तयार लेस गडद मखमलीवर ठेवलेली असावी तसं. विंचोलोच्या दुसऱ्या भागात चौकड्यांच्या नक्ष्या आहेत, जाळीवर भरायच्या. तिथे देवदेवता, सिंह, मोर येतात. एकाच पुस्तकाचे दोन भाग, दोन वेगळ्या रीतींनी वाचायचे.

पांढऱ्या रेषांच्या या लेसमध्ये आधी लिननच्या कापडातून धागे काढून चौकोन मोकळे करत आणि उरलेल्या धाग्यांवर काम करत. मग कापडच नको झालं. कागदाच्या किंवा चामड्याच्या आधारावर नुसत्या धाग्याने काम व्हायला लागलं, त्याला इटालियनमध्ये नावच पडलं ‘हवेतला टाका’. १५९१ साली चेझारे वेचेल्लिओने, प्रसिद्ध चित्रकार टिशियनच्या नात्यातल्या माणसाने, व्हेनिसमध्ये लेसच्या नक्ष्यांचं जे पुस्तक काढलं त्यात हवेतल्या टाक्याचे टोकदार काठ पानोपानी आहेत. रोममध्ये इझाबेल्ला पारासोले या बाईची पुस्तकं सोळाव्या शतकाच्या शेवटापासून निघाली, तिचं मोठं पुस्तक १६१६चं. या क्षेत्रातल्या छापील नावांत बाई अशी विरळाच. मला तिच्या नक्ष्या विशेष आवडतात. लेस काठावर कुठे ढिली पडेल, कुठे धाग्याला आधार लागेल, हे जिने हाताने केलं आहे तिची जाण त्यांत दिसते.

आणि एका पुस्तकात शब्दही आहेत. झ्युरिकच्या फ्रोशाउअरच्या छापखान्यातून १५६१ साली बॉबिन लेसचं, म्हणजे लाकडी रिळांवर धागे गुंडाळून, ते एकमेकांवरून टाकत केलेल्या लेसचं पुस्तक आलं. लेखिकेने स्वतःचं नाव पूर्ण न देता फक्त ‘आर. एम.’ ही आद्याक्षरं दिली आहेत. ती सांगते की ही कला १५३६ मध्ये व्हेनिस-इटलीकडच्या व्यापाऱ्यांनी तिकडे आणली. ती स्वतः लेस करते आणि शिकवते. तुमच्या प्रश्नाचं सर्वांत नेमकं उत्तर तिच्या त्या प्रस्तावनेत आहे, असं मला वाटतं. म्हणजे शिकवणारी बाई आधीपासून होती, शिकणाऱ्या मुली होत्या, आणि पुस्तक मागून आलं. नक्षी मनातून पुसायला लागली की बघायला, आणि ज्या गावात शिकवणारी नाही तिथे नमुना पोचवायला.

आता ‘कारागीर’ या शब्दाकडे येते, कारण आतापर्यंत मी बायकांच्या कामाबद्दलच बोलले. सोनार, शस्त्रं घडवणारे, कुंभार, सुतार यांच्यासाठीही नक्ष्या छापल्या गेल्या, बहुतेक सुट्या पानांवर. ऑग्सबर्गचा डानिएल होप्फर चिलखतांवर ॲसिडने नक्षी कोरत असे. तीच रीत त्याने लोखंडी पत्र्यावर वापरून कागदावर छापायला सुरुवात केली. आणि काही पुस्तकं सरळ दोन-तीन धंद्यांना उद्देशून आहेत. १५३० साली पॅरिसमध्ये फ्रांचेस्को पेल्लेग्रिनो या फ्लॉरेन्सच्या माणसाचं पुस्तक निघालं. त्याच्या शीर्षकातच ‘अरबी आणि इटालियन धर्तीच्या’ नक्ष्या असं म्हटलं आहे. व्हेनिसच्या बाजारात इजिप्त, सिरिया, तुर्कस्तानकडून येणारी पितळी भांडी, कापडं, पुस्तकांच्या बांधण्या यांवरची गुंतलेली वेल युरोपच्या कारागिरांना वेड लावत होती, हे ते शीर्षक उघड कबूल करतं. लंडनला १५४८ साली थॉमस जेमिनसने अशाच वेलींचं पुस्तक काढलं आणि ते सोनारांना व भरतकाम करणाऱ्यांना उपयोगी असल्याचं शीर्षकातच लिहिलं.

सोनार आणि भरतकाम करणारा एकच पान कसं वापरणार? हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि पेल्लेग्रिनोच्या वेलीचा एक भाग भरून पाहिला. त्याची वेल मुळात सपाट आहे, छायाप्रकाश नाही, रेषा कुठे वर कुठे खाली जाते एवढंच. सोनार ती रेष कोरतो आणि मधली जमीन टोचून खरखरीत करतो. मी रेषेवर दोरी टाकून बारीक टाक्यांनी बसवली आणि जमीन मोकळी सोडली. वेलीच्या टोकाला जिथे त्याने धारदार वळण दिलंय तिथे माझी दोरी वळेना. धातूला जो कोन जमतो तो दोरीला जमत नाही. तिथे मला वळण गोल करावं लागलं. हा बदल पुस्तकात नव्हता, तो माझ्या धाग्याने माझ्याकडून करवून घेतला. सोळाव्या शतकातल्या कारागिराने हेच केलं असणार, म्हणून एकाच पानावरून निघालेल्या पेटीवरची, तलवारीच्या मुठीवरची आणि उशीवरची नक्षी ओळखू येते पण सारखी नसते.

कुंभारांचा पुरावा तर दरासकट आहे. इटलीतल्या कास्तेल दुरांतेच्या चिप्रियानो पिक्कोल्पास्सोने १५५७च्या सुमारास कुंभारकामावर हस्तलिखित लिहिलं, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यात थाळ्यांवरच्या नक्ष्यांचे प्रकार काढून दाखवले आहेत: शस्त्रांच्या जुड्या, ओकची पानं, अरबी वेल, विचित्र प्राण्यांची गुंफण. कोणती नक्षी कोणत्या गावात चालते आणि शंभर नग रंगवायला किती पैसे मिळतात तेही त्याने नोंदवलं आहे. नक्षी हा धंद्याचा माल होता. आमच्या कारखान्यातही मास्तर खाका बघून आधी ‘किती तास’ हेच विचारतो.

गाव न सोडता येणाऱ्या माणसाची काळजीही या पुस्तकांत दिसते. स्ट्रासबुर्गच्या हाइनरिख फोगथरने १५३८ मध्ये हात, पाय, डोकी, शिरस्त्राणं, खांब यांच्या नमुन्यांचं पुस्तक काढलं. बायकामुलांच्या जबाबदारीमुळे ज्यांना प्रवास करता येत नाही अशा कलाकारांसाठी ते आहे, असं तो प्रस्तावनेत म्हणतो. कारागिराने उमेदीच्या वर्षांत गावोगाव फिरून काम बघायचं, ही तिकडची रीत. ज्याला फिरता येत नाही त्याच्याकडे रोम छापील पानांतून यायचं.

कारागीर पुस्तकापुढे हात जोडून बसत नव्हता, याचा मला आवडणारा दाखला स्कॉटलंडची राणी मेरी हिचा आहे. १५६९ पासून ती इंग्लंडमध्ये श्रूझबरीच्या सरदाराच्या कैदेत होती आणि त्याच्या बायकोबरोबर, बेस ऑफ हार्डविकबरोबर, भरतकाम करत होती. त्या दोघींनी नक्षीच्या पुस्तकाऐवजी कॉनराड गेसनरच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकातली चित्रं उतरवली. त्यातलं मांजर मेरीने तांबड्या-पिंगट रंगात भरलं, आणि पुस्तकात नसलेला एक उंदीर त्याच्यापुढे आणून ठेवला. तिला कैदेत ठेवणाऱ्या इंग्लंडच्या राणी एलिझाबेथचे केस तांबडे होते. ‘मार्गदर्शक’ या शब्दाबद्दल शंका असेल तर तो उंदीर बघा.

पोर्तुगिजांच्या जहाजांतून छापील चित्रं आपल्याकडेही आली. १५७९ च्या शेवटी गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री १५८० च्या सुरुवातीला फत्तेपूर सिक्रीला पोचले. त्यांनी अकबराला अँटवर्पला छापलेलं अनेक भाषांतलं बायबल भेट दिलं आणि दरबारच्या चित्रकारांनी अशा छापील चित्रांवरून आकृत्या उचलल्या. बंगालच्या सातगावकडे पोर्तुगिजांसाठी पिवळसर टसर रेशमाने भरलेल्या चादरींवर शिकारीचे देखावे आणि युरोपी छापील चित्रांतल्या कथा येतात, पण टाका बंगालच्या हाताचा. तिथेही पान बाहेरून आलं आणि ‘कसं’ आधीपासून बोटांत होतं.

तुम्ही सुरुवात कराल तेव्हा रेषेच्या पानाने करू नका. ताल्येंतेची वेल मोहक दिसते, पण खाका नीट पाडायला हात बसावा लागतो. चौकडीचं पान घ्या, तीस घरांपेक्षा अरुंद, एकच फूल असलेलं. यातली कित्येक पुस्तकं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयासारख्या मोठ्या संग्रहांनी पानन्‌पान मोफत बघायला ठेवली आहेत, मोठं करून घरं मोजता येतात. जुन्या ठोकळ्यात एखादं घर चुकून भरलेलं किंवा रिकामं राहिलेलं असतं. नक्षीची डावी आणि उजवी बाजू एकमेकींशी ताडून बघा, म्हणजे ती चूक सापडते. ती तशीच भरू नका. इंचाला चौदा घरांची मॅटी, एकाच रंगाचा दोन पदरी धागा, टाका गावंती किंवा साधा फुली. नक्षीचा मध्य आणि कापडाचा मध्य दोन्हींवर कच्चा दोरा घाला आणि मध्यातून बाहेर जा.

नंतर रेषेचं पान घ्याल तेव्हा छापील पानावर थेट भोकं पाडू नका, ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्या. कागद मऊ पांघरुणाच्या घडीवर ठेवा, बारीक सुई उभी धरा, भोकांमध्ये साधारण एका सुताचं, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचं, अंतर ठेवा आणि वळणावर ती जवळ आणा. भोकं पाडून झाली की कागद उलटा करून मागचे उंचवटे बारीक पॉलिश पेपरने घासून टाका. ते राहिले तर भोक पुन्हा बुजतं आणि भुकटी खाली उतरत नाही. घरी रॉकेल वापरू नका, कोरड्या खडूची पूड मलमलच्या पुरचुंडीत बांधून फिरवली तरी पुरतं. मग ठिपके पेन्सिलने जोडा आणि लगेच भरायला बसा, कारण खडू हाताला लागून पुसला जातो.